मोजणी

पहाटे साडेपाचला अजमानहून निघालेली गाडी
उम्म अल कुवैनच्या खाजणाशी थांबली, तेव्हा
धुकं इतकं, की उंटांपासून सावध करणाऱ्या पाटीवर
उंट तेवढा दिसत होता, अक्षरं नाहीत.
माणशी दीडशे दिरहम. दुर्बीण, चहा, खजूर धरून.
आम्ही सहा जण, आणि म्वाकिओ.

त्याच्या जाकिटावर अजून हत्ती शिवलेला,
त्सावोतल्या कुठल्याशा लॉजचा, जे आता बंद आहे.
तिथे अठरा वर्षं त्यानं लोकांना गवतातून फिरवलं.
"सगळ्यांना सिंह हवा असतो," तो म्हणाला.
"कोरी समोरून चालत गेला तरी विचारतात, सिंह कुठाय?"
(कोरी म्हणजे आपल्या माळढोकाच्या भावकीतला, थोरला.)
"इथे बरं आहे. इथे सिंहच नाही."

सुकती लागली होती.
तिवरांच्या मुळांमधून पाणी मागे सरताना
जो बारीक चुरचुर आवाज होतो, तो हर्णैला होतो तसाच.
वासही तोच. कालवं फोडून आलेल्या आईच्या हातांना
साबणानंतरही उरायचा, तो.

म्वाकिओ बोट करायचा: तिथे.
तिथे काही नसायचं.
मग धुक्यातून तीन शिट्या, एकीखाली एक उतरत्या,
आणि जर्मन बाई घाईनं वही उघडायच्या.
हिरव्या पायांची तुतारी.
पाय कुणीच पाहिले नव्हते.

मी डोळे तपासतो. अजमानच्या बाजारात,
सोनाराच्या शेजारचा गाळा, अकरा वर्षं.
म्हणून मला दिसलं ते सांगतो.
बाकीचे जिथे बुबुळ फिरवतात
तिथे तो अख्खी मान फिरवत होता.
लाकडी पुलाची फळी आधी बुटानं चाचपायचा.
मी चहा पुढे केला, तर कप हवेत तसाच,
त्याचा हात वीतभर बाजूला शोधत राहिला.
कडा आधी जातात.
मधोमध खिडकी उरते, तीही लहान होत जाते,
आणि माणसाला कळत नाही बराच काळ,
कारण उरलेली भिंत मेंदू आपली आपण रंगवून देतो.
मी काही बोललो नाही. सुट्टीचा दिवस होता.

साडेआठला धुकं उठलं.
उठलं म्हणजे काय, कुणी ताटावरचं फडकं काढावं तसं,
आणि खाली रोहित. एका पायावर, गुलाबी, शेकडो.
कोचीचे बँकवाले गृहस्थ चक्क ओरडले.
म्वाकिओ हसत होता,
रोहितांच्या किंचित डावीकडे बघत.

"किती?" त्यानं विचारलं. मलाच.
"दोनशे बारा."
त्यानं वहीत लिहिलं, न बघता,
आकडा वरच्या आकड्याच्या खांद्यावर चढला.
"शेकाट्या?" (हा शब्द त्यानं माझ्याकडून वाटेत घेतला होता.)
"सतरा."
"आणि ते काळे-पांढरे, खेकडे फोडणारे?"
"एकतीस."
तो थांबला. पेन्सिल कानाला लावली.
"बत्तीस. एक पोर आहे. मागे. भूक लागलीय त्याला."
मी दुर्बीण पुन्हा लावली.
तिवराच्या बुंध्याआड, राखाडी, मान आखडून बसलेलं,
चोच उघडत मिटत.
बत्तीस.

परतताना मी त्याला दुकानाचं कार्ड दिलं.
न वाचता त्यानं ते हत्तीच्या खिशात सरकवलं.
"तुझ्याकडे ते मशीन आहे का,
अंधारात ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं?"
"आहे."
"मी केलंय. नैरोबीला. दोन्ही डोळे."
"किती दिसले?" आता मी विचारत होतो.

त्यानं गाडीचं दार चाचपून उघडलं,
जर्मन बाईंना आधी चढू दिलं.
"पुढच्या शुक्रवारी," तो म्हणाला,
"सुकती सव्वाअकराला. उशिरा निघू.
तू पुढे बस."